‘वेळ’ झाली की ‘वेल’ झाली? : माळव्यातल्या आपल्या मराठीचा एक धडा





मागील सत्रात मराठीच्या तोंडी परीक्षेत आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण या अंकातला धडा त्या चुकीतूनच निघाला आहे. मराठीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून सहावीच्या वाचनाला परीक्षक म्हणून आम्ही स्वतः बसलो. एका मराठी घरातल्या मुलीने उतारा वाचला. कुठेही अडखळणे नाही, योग्य जागी थांबणे, घरी तयारी करून घेतली आहे हे लगेच कळावे असे वाचन. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले. तिच्या मागून देवासजवळच्या एका खेड्यातून बसने येणारा मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी माळवी बोलतात. मराठी त्याने आपल्या शाळेतच पहिल्यांदा ऐकली. तो एकेक शब्द जोडत वाचत होता. ‘पैसा’ला ‘पेसा’ म्हणाला तेव्हा वर्ग हसला आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. त्याला पाच गुण मिळाले.

बाईंना नंतर ऐकवता यावे म्हणून ते वाचन मोबाईलवर मुद्रित करून ठेवले होते. त्या कामावर परतल्यावर त्यांनी ते ऐकले आणि आमच्या खोलीत येऊन म्हणाल्या, “सर, हे तुम्ही एकदा पुस्तक मिटून ऐका.” ऐकले. मुलीच्या वाचनात ‘बाळ’चे ‘बाल’ झाले होते, ‘डोळे’चे ‘डोले’, आणि ‘संध्याकाळची वेळ’ची ‘संध्याकालची वेल’. त्या मुलाने मात्र उताऱ्यातला एकही ‘ळ’ सोडला नव्हता. ‘पाणी’ आणि ‘अंगण’ यांतला ‘ण’ही त्याच्या तोंडी जागच्या जागी होता. परीक्षेच्या वेळी आम्हांला यातले काहीच ऐकू आले नव्हते. समोर पुस्तक उघडे होते, डोळ्यांना ‘ळ’ दिसत होता, म्हणून कानांनीही तो ऐकला असे आम्ही धरून चाललो. दोघांचेही गुण आम्ही बदलले, दोघांच्या पालकांना बोलावून कारण सांगितले, आणि वर्गात हसल्याबद्दल त्या मुलाची माफी मागितली.

आता प्रश्न असा की, ज्याच्या घरात मराठीचा एक शब्दही नाही त्या मुलाला ‘ळ’ कुठून मिळाला? उत्तर सोपे आहे, घरातूनच मिळाला. माळवीत ‘ळ’ आहे आणि ‘ण’ही आहे. काळ्या रंगाला माळवीत ‘काळो’ म्हणतात, पाण्याला ‘पाणी’च म्हणतात, आणि ज्या प्रदेशात आपण राहतो त्याला खेड्यातला माणूस ‘माळवो’ म्हणतो. ‘मालवा’ हे शहरातले आणि छापील हिंदीतले रूप. राजस्थानी, गुजराती, मराठी, ओडिया, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या सर्व भाषांत ‘ळ’ नांदतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. प्रमाण हिंदीत मात्र नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतातील भाषांची जी मोठी पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. माळवी १९०८ च्या खंडात आली, आणि तेथे त्यांनी तिला पश्चिमी हिंदीत न ठेवता राजस्थानी गटात ठेवले. जनगणनेत तिची गणना आजही हिंदीच्या मथळ्याखाली होते (२०११ साली माळवी बोलणारे सुमारे ५२ लाख नोंदले गेले), त्यामुळे माळवी म्हणजे बिघडलेली हिंदी असा आपल्या मुलांचा, आणि मुलांचाच का, मोठ्यांचाही समज होऊन बसतो.

आपल्या समाजात नेहमी ऐकू येणारे एक वाक्य आहे: “काय करणार, हिंदी मुलखात राहिलो, ‘ळ’ गेला.” आमच्या मते हे वाक्य अर्धेच खरे आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर माळवी शेजारणींशी व्यवहार केला आणि त्यांचा ‘ळ’ कुठे गेला नाही, जाण्याचे कारणही नव्हते, कारण शेजारणीच्या तोंडीही तोच होता. तो गेला आमच्या पिढीपासून, आणि गेला तो शाळेच्या वाटेने.

हे नीट समजण्यासाठी आधी जीभ कुठे जाते ते पाहू. आरसा घ्या. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते आणि हवा दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. ‘ळ’ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागते आणि सुटताना पुढे झटका देते. जागा सापडत नसेल तर ‘ट ठ ड ढ ण’ ही ओळ सावकाश म्हणा आणि ‘ण’ म्हणून झाल्यावर जीभ तिथेच ठेवून ‘ळ’ म्हणून पाहा. मराठीत शब्दाच्या आरंभी ‘ळ’ येत नाही, म्हणून सरावात आधी स्वर घ्यावा: अळ, इळ, उळ, एळ. आपल्या वर्णमालेची मांडणीच मुळी तोंडाच्या नकाशासारखी आहे. ‘क’चा वर्ग घशाजवळ, ‘च’चा टाळूजवळ, ‘ट’चा जीभ वळवून, ‘त’चा दातांवर आणि ‘प’चा ओठांवर. हा नकाशा आपल्या पूर्वजांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच काढून ठेवला आहे. आपण तो पाठ करतो आणि वापरत नाही.

मग जोड्या म्हणाव्या. काल आणि काळ, माल आणि माळ, गाल आणि गाळ, वेल आणि वेळ. तसेच मन आणि मण, खान आणि खाण. ‘विहिरीतला गाल काढला’ असे वाचले की वर्ग हसतो, आणि अशा हसण्याला आमची हरकत नाही, कारण ते शब्दाला हसणे आहे, माणसाला नाही.

आता थोडा इतिहास. १७२८ साली अमझेऱ्याच्या लढाईनंतर माळव्यात मराठ्यांचा जम बसला. हे अमझेरा आज धार जिल्ह्यातच आहे. धारला आनंदराव पवारांची गादी झाली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या मागून जी कुटुंबे आली ती एका गावची नव्हती. कोणी पुणे-साताऱ्याकडचे, कोणी कोकणातले, कोणी खानदेशातले. शिलेदार, कारकून, भिक्षुक, शिंपी, सोनार, प्रत्येकाची बोलण्याची धाटणी वेगळी. इथे आल्यावर या लकबी एकमेकींवर घासून बऱ्याच सारख्या झाल्या. म्हणूनच आपल्या मराठीवरून आपले मूळ गाव ओळखणे कठीण जाते. ‘हे माळव्यातले’ एवढेच ओळखू येते. मध्य प्रदेशात २०११ साली सुमारे १२ लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. पण त्यांतले बरेच बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, बऱ्हाणपूर या महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांतले आहेत. त्यांची मराठी वऱ्हाड-खानदेशच्या मराठीला सलग जोडलेली आहे. धार-देवासची मराठी हे बेट आहे. असेच दुसरे बेट तंजावरला. तेथे सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या बरोबर गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तमिळ शब्दांनी भरलेली आपली मराठी घरात बोलतात आणि तिला मराठीच म्हणतात.

या बेटावर १९४८ पर्यंत मराठीचा मान होता. दरबार मराठी, दप्तरे मोडीत. ज्याला संस्थानात नोकरी हवी त्याने मराठी शिकावी अशी परिस्थिती होती. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, आणि कचेरी, परीक्षा, नोकरी यांची भाषा हिंदी झाली. यात कोणाचा दोष नाही. पण मानाची जागा बदलली की माणसाचे कान आणि जीभ दोन्ही नव्या मानाकडे वळतात, हे लक्षात ठेवायला हवे. जोपर्यंत मराठीला मान होता तोपर्यंत मराठी शब्द येथील हिंदीत जात होते. आपल्या बाजारात मिळणारा ‘भुट्टे का कीस’ घ्या. त्यातला ‘कीस’ हा किसण्यावरून आलेला आपला शब्द, आणि तो आज असंख्य हिंदी घरांत बिनदिक्कत खाल्ला जातो! आता ओघ उलटा आहे.

तो ओघ कसा काम करतो ते आमच्याच उदाहरणावरून सांगतो. आमचे बालपण धारला गेले. घरात आजी अस्सल मराठी बोलायची. पहिलीपासून पदवीपर्यंतचे आमचे सर्व शिक्षण मात्र हिंदी माध्यमात झाले. (या लेखात आम्ही सतत ‘आम्ही’ म्हणतो त्यालाही हिंदीतला ‘हम’ कारण असेल, किंवा मुख्याध्यापकाची खुर्ची. वाचकांनी सांभाळून घ्यावे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की आत येतो. माळवी आणि इंदुरी हिंदीतला ‘अपन’ हेच काम करतो, पुस्तकी हिंदीतल्या ‘हम’मध्ये हा भेद नाही.) मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत. ‘चार’ आणि ‘चहा’ यांतला टाळूवरचा ‘च’, जो हिंदीतही आहे. आणि ‘चाक’, ‘चूल’, ‘चोर’, ‘पाच’ यांतला दातांजवळचा, साधारण ‘त्स’सारखा ‘च’. लिपीत दोघांना अक्षर एकच. ‘ज’ आणि ‘झ’चेही तसेच. ‘तो गावाला जात आहे’ यातला ‘जात’ आणि ‘जात-पात’ यातला ‘जात’ लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘शंभर वर्षे जग’ हा आशीर्वाद, यांतही तोच फरक. साधारण नियम असा की ‘इ’, ‘ए’ आणि ‘य’च्या आधी टाळूचा उच्चार येतो, संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांतही टाळूचा, आणि अस्सल मराठी शब्दांत इतरत्र दातांचा. म्हणून ‘माझा’ म्हणताना जीभ दातांकडे असते आणि ‘माझी’ म्हणताना टाळूकडे सरकते. घरात मराठी ऐकणारे तीन वर्षांचे मूल हे न चुकता करते, आणि त्याला हा नियम कोणीही सांगितलेला नसतो.

आम्हीही ते करत होतो. आजीशी बोलताना आमचा ‘पाच’ बरोबर निघायचा. पण घरात मराठी पुस्तक मोठ्याने वाचायला बसलो की तोच ‘पाच’ हिंदीसारखा होई. आजी म्हणायची, “बोलतोस तसं वाच की!” आम्हांला वाटे की वाचणे हे बोलण्यापेक्षा वरच्या दर्जाचे काम आहे, तेव्हा तेथे जीभ जपून वापरायला हवी. आणि जपून म्हणजे कशी, तर शाळेतल्यासारखी.

याचा उलगडा आम्हांला पुष्कळ वर्षांनी झाला. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह नावाचे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. न्यूयॉर्क शहरात त्या काळी बरेच लोक शब्दातल्या स्वरानंतरचा ‘र’ गाळत. हा ‘र’ कोण उच्चारतो आणि कोण गाळतो हे त्यांना पाहायचे होते. सरळ विचारले असते तर लोक सावध झाले असते. म्हणून १९६२ साली ते तीन मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक बनून गेले. एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गीयांचे, एक स्वस्तातले. जी वस्तू चौथ्या मजल्यावर आहे तिची जागा ते विक्रेत्यांना विचारत. उत्तर येई ‘फोर्थ फ्लोर’. त्या दोन शब्दांत दोन ‘र’. मग ऐकू आले नाही असे दाखवून पुन्हा विचारत, म्हणजे तेच उत्तर विक्रेता जरा जपून देई. २६४ विक्रेत्यांची उत्तरे त्यांनी बाजूला जाऊन टिपून घेतली. श्रीमंत दुकानात शंभरातल्या सुमारे ६२ जणांनी निदान एकदा तरी ‘र’ उच्चारला, मधल्या दुकानात ५१ जणांनी, स्वस्त दुकानात २० जणांनी. आणि दुसऱ्यांदा, जपून बोलताना, ‘र’ वाढत गेला. यातून त्यांनी दाखवले की उच्चारातला फरक हा गोंधळ नसतो. कोण, कुठे, कोणापुढे आणि किती जपून बोलतो आहे याचा त्यात हिशेब असतो.

आता आपल्या मुलांकडे पाहा. न्यूयॉर्कचा विक्रेता जपून बोलू लागला की त्याच्या भाषेतल्या मानाच्या उच्चाराजवळ जातो. आपले मूल मराठी जपून बोलू लागले, स्टेजवर गेले, परीक्षकापुढे उभे राहिले, की मराठीपासून लांब जाते! कारण त्याच्या मनात मानाचा उच्चार म्हणजे हिंदीचा उच्चार. तीच मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणीला “चल, वेळ झाली” म्हणताना ‘ळ’ अगदी छान म्हणते. आम्ही नंतर मुद्दाम कान देऊन ऐकले. तिला ‘ळ’ येत नाही हे खरे नाही. तिला तो परीक्षेत काढून ठेवावासा वाटतो. त्या खेड्यातल्या मुलाचे उलट. त्याला मराठीची धास्ती होती, पण ‘ळ’ आणि ‘ण’ त्याच्या घरातलेच होते.

‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांचा जरा सावकाश विचार करावा असे आम्हांला वाटते ते यासाठी. मराठीच्या तासाला ‘पानी’ लिहिले तर आम्ही लाल रेघ मारतो. पुढच्याच तासाला, त्याच वर्गात, हिंदीच्या वहीत ‘पाणी’ लिहिले तर लाल रेघ मारतो. मूल तेच, तोंड तेच. तेव्हा अशुद्धपणा ‘न’मध्येही नाही आणि ‘ण’मध्येही नाही, कोणत्या तासाला काय चालते एवढाच तो प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत, कितीतरी घरांत ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असेच म्हणतात आणि ती मराठीच आहे. आपल्याच समाजात अशा बोलण्यावरून माणसाची जात आणि घर ताडण्याची सवय होती, पुरती गेली आहे असेही नाही. ती सवय शाळेच्या फाटकाच्या बाहेर राहावी, याबद्दल मात्र आम्ही कोणाशीही तडजोड करणार नाही.

उच्चारानंतर वाक्याकडे येऊ. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात एका नातलगांच्या लग्नात आम्ही सहज म्हणालो, “तुम्ही जेवून घ्या, मी येऊन राहिलो आहे.” पंगतीत हशा पिकला. एका तरुण मुलाने आमची नक्कल केली, त्याच्या आईने त्याला गप्प केले, पण त्या संध्याकाळी उरलेले सर्व बोलणे आम्ही हिंदीत केले. ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही, आणि आपल्या शाळेतले मूल एकदम हिंदीत उत्तर देऊ लागले की आम्हांला तीच संध्याकाळ आठवते.

‘येऊन राहिलो आहे’ हे ‘आ रहा हूँ’ वरून आलेले आहे हे उघड आहे. पण ते मनाला येईल तसे आलेले नाही. क्रियापद, त्याला ‘ऊन’, पुढे ‘राहणे’. मधले एकही मूल ‘येत राहून आहे’ असे म्हणत नाही. नागपूर-वऱ्हाडकडे ‘काय करून राहिला’ हे सर्रास चालते. लिंगाचेही असेच. आपली मुले ‘माझी पुस्तक’, ‘तुझी आवाज’, ‘घर मोठा आहे’ म्हणतात. ही उगाच झालेली चूक नव्हे. पुस्तक हिंदीत स्त्रीलिंगी, आवाज स्त्रीलिंगी, घर पुल्लिंगी, आणि नपुंसकलिंग हिंदीत नाहीच. तेव्हा मुलांनी मराठी शब्दांना हिंदीचे लिंग शिस्तीत लावले आहे. शिक्षकाला हे कळले तर दहा चुका दहा वेळा सुधारण्याऐवजी एकच गोष्ट समजावून सांगता येते.

सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा याबाबतीत जगभर अभ्यास केला जातो. १९७१ साली जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्या गावावर निबंध लिहिला. तेथे कन्नड, मराठी, उर्दू आणि काही घरांत तेलुगू अशा भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. त्यांना आढळले की घराघरातले शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेले तरी दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. तरीही आपापली भाषा कोणी सोडली नव्हती, कारण घर ओळखण्याची खूण शब्दांत होती. ‘येऊन राहिलो आहे’ म्हणणारा माळव्यातला माणूस अगदी तेच करतो आहे. बांधणी शेजारची, शब्द घरचे. (शब्द मात्र कधीकधी दगा देतात. आमच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या कागदांवर ‘शिक्षा’ छापलेले असते आणि महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ते वाचून दचकतात.)

काही पालकांनी आणि विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठांनी आम्हांला सुचवले होते की शाळेच्या आवारात मिश्र मराठी बोलणाऱ्या मुलाला जागच्या जागी टोकावे आणि माळवी शब्दांना मनाई करावी. त्यांच्या मनातली कळकळ आम्ही जाणतो. ज्यांनी मराठीच्या तासासाठी पदरचे पैसे घातले त्यांना ‘माझी पुस्तक’ ऐकून वाईट वाटणारच. परंतु आमचा अनुभव असा की टोकलेले मूल चांगली मराठी बोलू लागत नाही, ते मराठी बोलणे थांबवते. आणि माळवीला मनाई केली तर ज्या एका मुलाच्या तोंडून ‘ळ’ नीट निघतो त्यालाच आपण गप्प बसवू. तेव्हा आम्ही विनंतीपूर्वक तो प्रस्ताव बाजूला ठेवला आणि तूर्त पुढीलप्रमाणे ठरवले आहे. वाचनाच्या परीक्षेत परीक्षक पुस्तक मिटून ऐकेल. तोंडी बोलण्यात वाक्याच्या हिंदी वळणाबद्दल गुण कापले जाणार नाहीत. लेखनात मात्र प्रमाण मराठीच अपेक्षित राहील, कारण अर्ज, निबंध आणि वर्तमानपत्र यांसाठी तीही यायलाच हवी. पहिली-दुसरीला रोज दहा मिनिटे अक्षर न दाखवता नुसता कानाचा अभ्यास होईल. देवासमध्ये राहणाऱ्यांना कानाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. घरी कन्नड असलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास आजारपणामुळे येथे राहायला आले, अंथरुणावर पडून त्यांनी येथील बायकांची माळवी गाणी ऐकली, आणि पुढे तीच गाणी देशभर त्यांच्या गळ्यातून ऐकू आली.

त्या सहावीच्या मुलाला आम्ही दर शनिवारी दुसरीच्या वर्गात पाठवतो. तो लहान मुलांकडून ‘ळ’ म्हणून घेतो. ‘पैसा’ तो अजूनही ‘पेसा’ म्हणतो. मराठीत ‘पइसा’, पुस्तकी हिंदीत ‘ऐ’ जरा पसरट, माळवीत ‘पेसा’; तीन भाषांत अक्षर एक आणि आवाज तीन. हा त्याचा पुढचा धडा आहे, आणि दुसरीची मुले तो त्याला शिकवत आहेत.

आता विद्यार्थ्यांसाठी दिवाळीच्या सुट्टीचे काम. महाराष्ट्रातल्या बोलींची पाहणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने गावोगावी लोकांचे बोलणे मुद्रित करून केली आहे. धार-देवासची मराठी महाराष्ट्राबाहेरची, तेव्हा ती आपणच टिपून ठेवू. इयत्ता सहावी ते नववीच्या प्रत्येकाने वहीच्या एका पानावर तीन रकाने आखावे: आजी किंवा आजोबा, आई किंवा बाबा, आणि मी. शब्द वीस आहेत. पाच, चाक, चूल, चोर, चांगला, माझा, माझी, जातो, झाड, काळा, डोळा, केळे, वेळ, माळ, पाणी, लोणी, कोण, पैसा, कैरी, टेकडी. शेवटचा शब्द मुद्दाम घेतला आहे. देवीच्या डोंगराला घरात ‘टेकडी’ म्हणतात की गावात म्हणतात तसे ‘टेकरी’, ते लिहावे.

शब्द लिहून दाखवायचा नाही आणि ‘म्हणून दाखवा’ असेही सांगायचे नाही, नाहीतर समोरचा सावध होईल. केळे समोर ठेवून “हे काय?” विचारावे. ‘पाच’साठी चारांत एक मिळवायला सांगावे. लबॉव्ह यांच्यासारखे ऐकू आले नाही असे दाखवून पुन्हा एकदा विचारावे आणि दुसरे उत्तर वेगळे आले तर त्याची निराळी खूण करावी. मग त्याच व्यक्तीला छापलेला उतारा वाचायला देऊन तेच शब्द पुन्हा ऐकावे. मोबाईलवर मुद्रित करायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. मोठ्यांचे उच्चार सुधारू नयेत आणि कोणाला हसू नये. ज्यांच्या घरी माळवी, निमाडी, गुजराती किंवा उर्दू बोलतात त्यांनीही आपापल्या भाषेत ह्याच वस्तूंची नावे टिपावी. ते रकाने आम्हांला तितकेच हवे आहेत. वह्या शाळा उघडल्यापासून आठ दिवसांत मराठीच्या बाईंकडे द्याव्या.

आमच्या घरचे पान आम्ही आधीच भरले आहे. आईच्या रकान्यात वीसही शब्दांपुढे एकेकच खूण आहे. आमच्या रकान्यात सात शब्दांपुढे दोन-दोन खुणा आहेत, एक बोलतानाची आणि एक वाचतानाची.